लेकीचा वाटा: जहांआरा शाहनवाज आणि पंजाबचं प्रांतिक राजकारण



१५ मार्च १९४८ रोजी पश्चिम पंजाबात एक छोटा कायदा अंमलात आला. मुसलमान शेतकरी वारला तर त्याच्या शेतजमिनीत त्याच्या लेकीलाही वाटा मिळेल, असं त्या कायद्यानं ठरवलं. पाकिस्तान होऊन तेव्हा सात महिने झाले होते. निर्वासितांचे तांडे अजून छावण्यांत पडून होते, काश्मीरमध्ये लढाई चालू होती, इकडे गांधीजींचा खून होऊन सहा आठवडे उलटले होते. त्या धामधुमीत लाहोरच्या विधानसभेनं काय मंजूर केलं, याकडे बघायला आपल्याकडे कुणाला सवड असणार?

हा कायदा व्हावा म्हणून लाहोरच्या रस्त्यावर बायकांचा मोर्चा निघाला होता. त्या मोर्चाचं पुढारपण ज्या बाईंकडे होतं, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. बेगम जहांआरा शाहनवाज. जन्म १८९६, लाहोर, मृत्यू १९७९.

ही व्याख्यानमाला ज्या बाईंच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी या तालुक्यातल्या कितीतरी विधवांची नावं सातबाऱ्यावर चढवून घेतली. तलाठ्याच्या दारात बसून राहणं हेही राजकारण असतं, असं त्या म्हणत. म्हणून विषय निवडताना मला फार शोधावं लागलं नाही.

जहांआरा बेगमांचं नाव आपल्याकडे घेतलं जातं ते गोलमेज परिषदेच्या संदर्भात, तेही एखाद्या ओळीत. पाकिस्तानात त्यांना राष्ट्राच्या संस्थापक स्त्रियांपैकी एक मानतात. दोन्ही बरोबर आहे. पण मला वाटतं, त्यांच्या आयुष्याचा कणा प्रांताच्या राजकारणात होता आणि प्रांताचं राजकारण म्हणजे जमिनीचं राजकारण. लंडन, जिनिव्हा, न्यू यॉर्क ही सगळी ठिकाणं त्यांनी पाहिली; पण जो प्रश्न त्यांना सोडवायचा होता तो लाहोरमध्येच सुटण्यासारखा होता.

तो प्रश्न नीट समजून घेऊ.

इंग्रजांनी १८४९ साली पंजाब घेतला. १८७२ च्या पंजाब कायद्यानं वारसाहक्काच्या बाबतीत न्यायालयांना सांगून ठेवलं की आधी रिवाज बघा. रिवाज नसेल तिथेच धर्मशास्त्र लावा. मग रिवाज ठरवायचा कसा? जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. जमातवार गावच्या प्रमुख पुरुषांना बसवून प्रश्न विचारले गेले: मुलगा नसेल तर जमीन कुणाकडे जाते? विधवेचा हक्क किती? लेकीचा किती? त्यांनी दिलेली उत्तरं लिहून घेतली गेली आणि त्या वहीला नाव मिळालं रिवाज-ए-आम. कोर्टात वाद गेला की ही वही पुढे यायची. विधवेला जमीन तहहयात, तीही पुनर्विवाह केला नाही तर. लेकीला लग्न होईपर्यंत पोटापाण्यापुरतं. त्यानंतर बहुतेक शेतकरी जमातींत भाऊबंदांचा हक्क लेकीच्या आधी. जावई परका, त्याच्या हाती गेलेली जमीन गोताबाहेर गेली, हा त्यामागचा हिशेब. ज्यांना या व्यवस्थेत काही मिळत नव्हतं, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

कुराणात मात्र लेकीचा वाटा स्पष्ट सांगितलेला आहे, मुलाच्या निम्मा. म्हणजे पंजाबातली मुसलमान बाई अशा जागी उभी होती की धर्म तिला निम्मा वाटा देत होता आणि सरकारी वही तिला काहीच देत नव्हती. धर्म आणि सुधारणा यांची टक्कर पाहण्याची आपल्याला सवय आहे. इथे सुधारणेची मागणी धर्माचं बोट धरून येत होती आणि तिला अडवणारे लोक धार्मिक नसून जमीनदार होते. जहांआरा बेगमांची सगळी वाटचाल या एका गोष्टीमुळे वेगळी झाली.

त्या स्वतः जमीनदारांच्या घरच्या. लाहोरजवळच्या बागबानपुऱ्याचं मियाँ घराणं शालिमार बागेची देखरेख करणारं, पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठेचं. वडील सर मुहम्मद शफी मोठे बॅरिस्टर, मुस्लिम लीगच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी एक, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. आईनं १९०८ च्या सुमारास लाहोरात मुसलमान बायकांची संघटना उभी करायला हातभार लावला होता. पती मियाँ शाहनवाज हेही बॅरिस्टर आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य. जहांआरा बेगमांनी १९७१ साली आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं, त्याचं नावच ‘फादर अँड डॉटर’ आहे. वडिलांच्या दिवाणखान्यातून त्या राजकारणात आल्या हे त्यांनी कधी लपवलं नाही. घराण्याच्या जोरावर पुढे आलेल्या बायकांकडे आपण जरा तिरक्या नजरेनं बघतो. तो आक्षेप चुकीचा नाही, पण पुरा पडत नाही. दार कुणी उघडलं याच्याइतकंच आत जाऊन काय केलं हेही विचारायला हवं.

१९१८ साली लाहोरात मुसलमान स्त्रियांची परिषद भरली. परिषद पडद्यातली, पुरुषांना मज्जाव. तिथे विशीतल्या जहांआरा बेगमांनी ठराव मांडला की मुसलमानांच्या काही वर्गांत ज्या तऱ्हेनं बहुपत्नीत्व चालतं ते कुराणाच्या भावनेला सोडून आहे. ठराव संमत झाला आणि बाहेर गदारोळ उठला. उर्दू वर्तमानपत्रांतून टीका झाली. घरंदाज बायकांनी बंद दाराआड हे काय चालवलंय, असा एकूण सूर होता. विचार करा, ठराव मांडणारीच्या आसपास बसलेल्यांपैकी काहींच्या घरी सवत नांदत असणार. त्यांच्या देखत हे वाक्य उच्चारायला केवढं धैर्य लागलं असेल! या ठरावाचं पुढे काय झालं ते कळायला आपल्याला १९६१ पर्यंत थांबावं लागेल. तोवर, १९२० साली, बेगमांनी पडदा सोडला.

१२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन झालं. काँग्रेसचा बहिष्कार होता. सगळ्या प्रतिनिधींत बायका दोनच: लाहोरच्या जहांआरा शाहनवाज आणि मद्रासकडच्या राधाबाई सुब्बरायन. या राधाबाई म्हणजे मंगळूरला अस्पृश्यांसाठी शाळा काढणाऱ्या कुदमुल रंगरावांची कन्या. त्याच सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना त्या परिषदेतलं बाबासाहेबांचं म्हणणं सांगायला नको. पण त्या दोघी बायकाही जवळजवळ तेच बोलत होत्या हे फारसं ध्यानात घेतलं जात नाही. ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवलं, त्यांना नुसतं ‘या, दार उघडं आहे’ म्हणून भागत नाही; सुरुवातीची काही वर्षं जागा राखून ठेवाव्या लागतात. देशातल्या मोठ्या महिला संघटनांना हे मान्य नव्हतं. त्यांना सरसकट प्रौढ मताधिकार हवा होता आणि राखीव जागा नकोत, कारण राखीव जागा म्हणजे कमीपणा आणि फूट. तत्त्व म्हणून ही भूमिका उजळ होती. पण १९३० साली प्रौढ मताधिकार कुणी देणार नव्हतं आणि खुल्या जागेवर कुठला पक्ष बाईला उभं करणार नव्हता. मला या वादात लंडनला गेलेल्या दोघींचं बरोबर वाटतं. जहांआरा बेगम तिन्ही गोलमेज परिषदांना गेल्या. तिसरीत त्या एकट्याच बाई होत्या.

१९३५ चा कायदा झाला. देशभरात सुमारे ६० लाख बायकांना मताधिकार मिळाला आणि प्रांतांच्या विधानसभांत ४१ जागा बायकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. मुंबई प्रांताची विधानसभा १७५ जणांची, पंजाबचीही १७५ जणांचीच. मुंबईत बायकांच्या जागा सहा, पंजाबात चार. त्यांतल्या दोन मुसलमान बायकांच्या, दोन्ही लाहोर शहराच्या. १९३७ च्या निवडणुकीत एका जागेवर रशीदा लतीफ आल्या आणि दुसरीवर जहांआरा शाहनवाज. सरकार युनियनिस्ट पक्षाचं, प्रांताचे पंतप्रधान सर सिकंदर हयात खान. बेगमांना त्यांनी शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक आरोग्य या खात्यांच्या संसदीय सचिव केलं. पुढच्याच वर्षी विधानसभा माल रोडवरच्या आपल्या नव्या इमारतीत गेली. त्याच १९३८ साली बेगमांचे पती वारले.

युनियनिस्ट पक्षाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हिंदू, मुसलमान आणि शीख जमीनदार-शेतकऱ्यांचा हा एकत्र पक्ष. धर्माच्या भिंती ओलांडणारा म्हणून आज त्याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण ही एकी शेतकरी जमातींच्या हितसंबंधांवर उभी होती आणि रिवाज हा त्या हितसंबंधांचा पाया. लेकींना वाटा द्यायला तिन्ही धर्मांच्या पुरुषांचा सारखाच विरोध होता.

१९३७ साली केंद्रीय कायदेमंडळानं शरीयत कायदा संमत केला. त्यानं मुसलमानांच्या घरगुती व्यवहारातून रिवाज हटवला, पण शेतजमीन सोडून. कारण शेतजमिनीचा वारसा हा नव्या कायद्याप्रमाणे प्रांताचा विषय झाला होता. पंजाबसारख्या प्रांतात संपत्ती म्हणजे शेतजमीन. ती वगळल्यावर लेकीच्या हाती राहिलं काय? भांडीकुंडी. दिल्लीनं धर्माचा मान राखला, लाहोरनं जमीन राखली. लेकीचा प्रश्न प्रांताच्या दारात आणून ठेवला गेला तो असा, आणि मी सुरुवातीला प्रांताच्या राजकारणाला कणा म्हटलं तेही याचसाठी.

१९४१ साली त्यांच्या कारकिर्दीला मोठा हिसका बसला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जुलैमध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमलं आणि त्यावर जहांआरा बेगमांना घेतलं. लीगला न विचारता लीगची माणसं घेतली म्हणून जिना संतापले. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत लीगच्या कार्यकारिणीची बैठक झाली. युनियनिस्ट असूनही लीगमध्ये असलेले पंजाबचे सिकंदर हयात, बंगालचे फजलुल हक, आसामचे सादुल्ला या तीन प्रांतांच्या पंतप्रधानांना संरक्षण मंडळ सोडायला लागलं. जहांआरा बेगमांनी राजीनामा द्यायला नकार दिला. आपण तिथे बायकांच्या प्रतिनिधी म्हणून बसलो आहोत, ही त्यांची भूमिका होती. लीगनं त्यांना पाच वर्षांसाठी काढून टाकलं.

या प्रसंगाकडे इंग्रजधार्जिणेपणा म्हणून बघणारे आहेत. त्यांचा सगळा वर्ग इंग्रजांशी जुळवून घेणारा होता, हे खरंच. तरीही तीन बडे प्रांतिक पुढारी जिथे नमले तिथे ही बाई नमली नाही. पक्षाच्या आज्ञेपेक्षा आपल्याला नेमून दिलेलं प्रतिनिधित्व मोठं मानायचं, हा निर्णय त्यांनी पक्षाबाहेर जाण्याची किंमत मोजून घेतला.

पुढे त्या लीगमध्ये परतल्या. १९४६ ला पुन्हा निवडून आल्या, या वेळी लीगच्या. सोबत दुसऱ्या जागेवर बेगम सलमा तसद्दुक हुसेन. त्याच वर्षी जिनांनी त्यांना लीगचे नेते इस्पहानी यांच्याबरोबर लीगची बाजू मांडायला अमेरिकेला पाठवलं. २४ जानेवारी १९४७ रोजी, सिकंदर हयात यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या खिज्र हयात यांच्या सरकारनं मुस्लिम लीग नॅशनल गार्ड आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ दोन्हींवर बंदी घातली. या बंदीला विरोध करायला लीगचे पुढारी पुढे झाले, त्यांत जहांआरा बेगम होत्या. अटक झाली. पुढचा महिनाभर लाहोरच्या रस्त्यांवर बायकांचे मोर्चे निघाले. पडद्यातल्या हजारो बायका पहिल्यांदा उन्हात चालल्या, लाठ्या-अश्रुधूर सोसला, तुरुंगात गेल्या. २ मार्चला खिज्र यांनी राजीनामा दिला.

इथे मला थांबावं लागतं. त्या राजीनाम्यानंतर आठवडाही झाला नाही तोच रावळपिंडी भागात शीख आणि हिंदूंच्या कत्तली सुरू झाल्या. खिज्र यांचं सरकार हे तिन्ही समाजांना बांधून ठेवणारं शेवटचं दावं होतं आणि ते तोडणाऱ्यांत या बाई होत्या. लेकीच्या वाट्यासाठी मी त्यांचा जितका आदर करतो, तितकंच हेही मला खटकतं. बायकांना रस्त्यावर आणणारी चळवळ आणि शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडणारी चळवळ त्या महिन्यात एकच होती. हे वेगळं काढता येत नाही, आणि मी काढणारही नाही.

पण त्या महिन्यात रस्त्यावर चालायला शिकलेल्या बायका घरी बसल्या नाहीत. १९४८ साली पश्चिम पंजाबच्या विधानसभेपुढे शेतजमिनीसह शरीयत लागू करण्याचं विधेयक यायचं होतं, ते कामकाजातून गळालं. जमीनदार आमदारांनी काढता पाय घेतला होता. इस्लामच्या नावानं देश मागणाऱ्यांना इस्लामनं सांगितलेला लेकीचा वाटा जड झाला! हजारो बायका विधानसभेवर चालून गेल्या. एक वर्षापूर्वी याच बायका खिज्र यांच्या विरोधात घोषणा देत होत्या, तेव्हा हेच पुढारी त्यांची पाठ थोपटत होते. आता घोषणा त्यांच्याच दारात ऐकू येत होत्या. आत सभागृहात जहांआरा बेगम आणि सलमा तसद्दुक हुसेन, बाहेर मोर्चा. विधेयक परत आलं आणि मंजूर झालं.

कायदा परिपूर्ण नव्हता. विधवांच्या नावावर आधीच तहहयात असलेल्या जमिनींचा गुंता राहिला. तो १९६२ च्या पश्चिम पाकिस्तान कायद्यानं सुटला. तरी पटवाऱ्याच्या दप्तरात आता बाप वारल्यावर लेकीचं नाव लिहावं लागणार होतं.

त्यानंतर बरोबर एक महिन्यानं, १५ एप्रिल १९४८ रोजी, त्यांची मुलगी मुमताज अमेरिकेला जात असताना आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळाजवळ विमान कोसळून वारली. लेखिका होती, ऐन उमेदीत होती. तिची ‘द हार्ट डिव्हायडेड’ ही फाळणीकडे नेणाऱ्या काळावरची कादंबरी तिच्या मागे छापली गेली. जहांआरा बेगमांनी तेव्हा बावन्नावं वर्ष नुकतंच ओलांडलं होतं.

त्या थांबल्या नाहीत. पाकिस्तानच्या पहिल्या संविधान सभेत बायका दोनच, त्या आणि शाइस्ता इक्रामुल्लाह. दोघींनी कायदेमंडळांत दहा टक्के जागा बायकांसाठी मागितल्या. बोलणी तीन टक्क्यांवर आली. १९५४ साली जहांआरा बेगमांनी बायकांच्या हक्कांची सनद मांडली, त्यात समान कामाला समान वेतन हे कलम होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभाच बरखास्त केली.

आणि आता १९१८ चा तो ठराव. १९५५ साली पाकिस्तान सरकारनं विवाह आणि कुटुंब कायद्यांसाठी आयोग नेमला. अध्यक्ष माजी सरन्यायाधीश मियाँ अब्दुल रशीद. सदस्यांत तीन बायका, त्यांतल्या एक जहांआरा शाहनवाज. १९५६ च्या अहवालात दुसऱ्या लग्नावर बंधनं सुचवली गेली. मौलाना एहतिशामुल हक थानवी यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. अहवाल पाच वर्षं पडून राहिला आणि अखेर १९६१ साली अयूब खान यांनी मुस्लिम कुटुंब कायदा अध्यादेश काढला. पहिली पत्नी असताना दुसरं लग्न करायचं तर लवाद मंडळाची लेखी परवानगी, लग्नाची नोंदणी, तलाकची नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत. वडिलांच्या आधी मुलगा किंवा मुलगी वारली तर नातवंडांनाही वाटा. पडद्याआड मांडलेल्या एका ठरावाला कायद्याचं रूप यायला त्रेचाळीस वर्षं लागली, आणि मांडणारी बाई त्या वाटेवर पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. हे लष्करशहाच्या हातून व्हावं, लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडून होऊ नये, ही पाकिस्तानची शोकांतिका आहे.

याच सुमाराला सीमेच्या अलीकडे काय चाललं होतं? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात लेकीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला आणि ते बिल रखडलं, म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला तरी वडिलोपार्जित मिळकतीत लेक मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हिस्सेदार झाली नाही. महाराष्ट्रानं ते १९९४ साली केलं, देशानं २००५ साली. गोलमेजच्या सभागृहात बसलेली लाहोरची बेगम आणि मुंबईचे बॅरिस्टर, दोघं आपापल्या समाजातल्या जमीनदारांशी आणि भाऊबंदांशी एकाच गोष्टीसाठी झुंजत होते.

आज पाकिस्तानातल्या पंजाबच्या विधानसभेत ३७१ सदस्य आहेत आणि त्यांत ६६ जागा बायकांसाठी राखीव. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मरियम नवाज पंजाबच्या मुख्यमंत्री झाल्या. पाकिस्तानच्या कुठल्याही प्रांतात मुख्यमंत्री झालेल्या त्या पहिल्या बाई. पण राखीव जागा आता मतदार भरत नाहीत. पक्षांना मिळालेल्या खुल्या जागांच्या प्रमाणात पक्षाच्या यादीतून त्या भरल्या जातात. १९३७ साली जहांआरा बेगमांना मतदारसंघ होता, मतपेटी होती. ज्या बाईला पुन्हा यादीत नाव हवंय तिला १९४१ सारखा नकार देणं किती कठीण असेल!

आणि जमीन? पाकिस्तानला २०११ साली बायकांना वारसाहक्कापासून वंचित ठेवणं हा फौजदारी गुन्हा करावा लागला. शिक्षा पाच ते दहा वर्षं. गुन्हा करावा लागला याचा अर्थ उघड आहे. पटवारी वारसनोंद करायला येतो, भाऊ समोर बसलेले असतात आणि बहीण आपला वाटा भावांना सोडून देते. माहेर तुटू नये म्हणून. इथे बसलेल्या भगिनींना हे काही परकं वाटणार नाही. आपल्याकडेही हक्कसोडपत्रं याच कारणानं होतात आणि भाऊ त्याबद्दल साडी-चोळी करतो.

शेवटी एक मागणं मागतो, विशेषतः मागच्या रांगांत बसलेल्या तरुण अभ्यासकांकडे. पंजाब विधानसभेतल्या त्या काळच्या चर्चा छापील खंडांत आहेत, मुंबई विधानसभेतल्याही आहेत. दोन्ही सभागृहं १७५ जणांची. इथे बायकांच्या जागा सहा, तिथे चार. त्या दहाजणी शाळांवर, दवाखान्यांवर, जमिनीवर काय बोलल्या आणि त्यांना कोणी काय उत्तरं दिली, हे शेजारी शेजारी ठेवून मराठीत लिहिलं गेलं पाहिजे. कुणी हे काम अंगावर घेणार असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. मी मदतीला तयार आहे.